डाकोटाचे मालक

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले शिरड शहापूर ओळखले जाते ते मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी. विमानाशी या गावाचे नाव जोडले तर कुणीही हसेल. इथे कधी धावपट्टी नव्हती. पण १९४६ साली विमान कुणाच्या मालकीचे होते हे शोधू लागलो की बोट याच गावासारख्या गावांकडे वळते. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोली परभणीत. १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत ‘डेक्कन एअरवेज’ स्थापन झाली, पुढच्या वर्षी हैदराबादच्या बेगमपेठेवरून तिची डाकोटा विमाने उडू लागली. भांडवलाचा मोठा हिस्सा सरकारी होता. पूर्णा-हिंगोली मीटर गेज १९१२ मध्ये सुरू झाली, ती चालवणारी रेल्वे कंपनी सरकारने १९३० मध्ये ताब्यात घेतली, १९३२ पासून तिच्याच बसगाड्या धावू लागल्या, आणि विमान ही त्या सरकारी वाहतुकीची पुढची पायरी होती. म्हणजे ज्वारी-कापूस पिकवून सारा भरणारा शिरड शहापूरचा कुणबी नकळत डाकोटा विमानांचा भागीदार झाला होता. त्याला ना मत होते, ना लाभांश. बसायला जागा मिळणे तर दूरच. हा केवळ इतिहासाचा विनोद म्हणून सोडून देता येत नाही. दोन इंजिनांचे जुने पिस्टन विमान विकत घेणे अनेकांना जमले, पण ते पोसायला शेवटी सरकारी तिजोरीच लागली, आणि निजामी मराठवाड्यात ही गोष्ट देशाच्या आधी घडली, एवढाच त्याचा अर्थ.

विमान स्वस्त का होते, ते पाहू. युद्धात डग्लस कंपनीचे हे यान दहा हजारांहून अधिक संख्येने बनले. युद्ध संपताच लष्कराला ते नकोसे झाले आणि भारतातल्या नव्या कंपन्यांना मोडीच्या बाजारात सापडले. त्याला प्रवासी विमानाचे रूप देण्याचे बरेच काम बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये झाले. खर्चाचे खरे खाते पंखांत नव्हते, ते इंजिनात होते. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर, दोन वर्तुळांत मांडलेले. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानाला ५६ प्लग काढायचे, पुसायचे, तपासून परत बसवायचे. विमान रात्रभर उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल उतरते. तसेच सुरू केले तर दट्ट्या त्या तेलावर आदळून दांडा वाकतो. म्हणून सकाळी मेकॅनिक पंख्याची पाती हाताने फिरवून अंदाज घेत, आणि पाते अडले की खालचे प्लग काढून तेल वाहू देत. हे काम करणारा माणूस, त्याची हत्यारे, सुट्या भागांचे गोदाम आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोल, हे सारे मिळून विमानाची मालकी होते. नुसते विमान म्हणजे तिचा सर्वांत स्वस्त भाग.

यावर आक्षेप येईल तो असा: कंपन्या बुडाल्या त्या आपसांतल्या चढाओढीने, त्यात यंत्राचा काय दोष? आक्षेपात तथ्य आहे. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या चौकशी समितीने १९५० मध्ये नेमके हेच दाखवले की देशात वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत. पण त्या एवढ्या झाल्या कशा? यंत्र मोडीच्या भावात मिळत होते म्हणूनच. जो तो दोन-चार डाकोटा घेऊन कंपनी काढत होता, आणि कार्यशाळेचा बोजा मात्र प्रत्येकीने स्वतंत्रपणे उचलायचा होता. स्पर्धा आणि यंत्र ही दोन वेगळी कारणे नाहीत. समितीचा कल राष्ट्रीयीकरणापेक्षा कंपन्यांनी आपण होऊन एकत्र येण्याकडे होता, पण तसे कुणी आले नाही. १९५३ च्या कायद्याने डेक्कनसह आठ कंपन्या सरकारकडे आल्या आणि १ ऑगस्टपासून इंडियन एअरलाइन्सचा कारभार सुरू झाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुसरे इंजिन म्हणजे जिवाचा विमाच ना, मग त्याचा खर्च कुरकुरत का मोजावा? उत्तर नागपूरने दिले. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. दळणवळणमंत्री रफी अहमद किदवई यांची ही योजना देशाला अभिमानास्पद वाटे, आणि तो अभिमान रास्तच होता. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री त्यातलेच एक डाकोटा नागपूरहून उडाले आणि लगेच डाव्या इंजिनाची ताकद गेली. विमानातल्या १४ जणांपैकी १३ मरण पावले. एक इंजिन बंद पडले की ताकद निम्मी होते, पण उंची घेण्याची क्षमता निम्म्याहून कितीतरी कमी होते. बंद पंखा वाऱ्याला अडवतो, चालू पंखा विमानाला एका बाजूला ओढतो, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर सुकाणू पूर्ण दाबूनही नाक सरळ राहत नाही. त्यात इंजिने दोन, म्हणून बिघाडाची शक्यताही दुप्पट. उंचीवर आणि वेगात असताना दुसरे इंजिन तारते यात शंका नाही. उड्डाणाच्या पहिल्या मिनिटात मात्र तारतो तो वैमानिकाचा सराव आणि कार्यशाळेतली काळजी. हा विमा हप्ते भरत राहणाऱ्यालाच मिळतो.

जुने विमान पोसणे इतके अवघड, तर मग २०१८ चे काय? ब्रिटनमध्ये दुरुस्त झालेले एक डाकोटा त्या वर्षी स्वतःच्या पंखांवर भारतात आले, ‘परशुराम’ नावाने हिंडनच्या तळावर हवाई दलात दाखल झाले. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या विमानाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्यावर रंगवला आहे. विमानाला वय नसते, असे त्यावरून म्हणता येईल. सांगाड्यापुरते ते खरेच आहे. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब भरत नाहीत, म्हणून दर उड्डाणाला फुगून-आकसून पत्रा थकत नाही. पण दुरुस्तीसाठी राजीव चंद्रशेखर यांच्यासारखा धनिक लागला आणि पुढचा सांभाळ हवाई दलाकडे गेला. पुन्हा तिजोरीच. इंधनाची कथा तर याहून बोलकी आहे. जेटचे केरोसीन मोठ्या विमानतळांवर सहज मिळते, पिस्टन विमानांचे पेट्रोल मात्र २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याला बनवायला सुरुवात करेपर्यंत आपण परदेशातून आणत होतो. शिरड शहापूरजवळचा विमानतळ नांदेडचा. प्रत्येक जिल्ह्याला धावपट्टी हवी अशी मागणी अधूनमधून होते. ती मागणी पुढे आली की आधी इंधनाची टाकी कुठे असेल आणि मेकॅनिक कुठून येईल हे विचारावे. उत्तर सरकारच्या दिशेने बोट दाखवणारे असेल, तर भागीदार पुन्हा सारा भरणाराच आहे, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. १९४५ मध्ये कुणी सांगितले नव्हते.