महाकायाच्या अस्थि

मनुष्याची वाढ कोणाच्या हुकमतीनें होते हें उमगण्यास ज्या एका सांगाड्याचें मोठें साह्य झालें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

चार्ल्स बर्न १७६१ सालीं आयर्लंडांत जन्मला. त्याची उंची साडेसात फुटांच्या वर गेली. १७८२ सालीं तो लंडनला आला व पैसे घेऊन लोकांस दर्शन देऊं लागला. पुढच्याच वर्षीं, अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. आपला देह शस्त्रवैद्यांच्या हातीं पडूं नये, तो समुद्रांत सोडावा, अशी त्याची इच्छा होती. परंतु जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्यानें द्रव्यबळानें तो देह मिळविला व सांगाडा आपल्या संग्रहांत मांडला.

१९०९ सालीं हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यानें त्या कवटीची तपासणी केली, तेव्हां मेंदूच्या तळाशीं पीयूषिका ग्रंथीची जी खोबण असते ती फार मोठी झालेली आढळली.

वाटाण्याएवढ्या या ग्रंथींतून वाढीचें संप्रेरक थांबून थांबून, विशेषतः गाढ झोपेंत, रक्तांत उतरतें. तिच्यावर मेंदूंतील हायपोथॅलॅमसची देखरेख असते. त्याचा एक संदेश 'सोड' म्हणतो. दुसरा, सोमॅटोस्टॅटिन, 'आवर' म्हणतो. संप्रेरकाच्या प्रेरणेनें यकृत आयजीएफ-१ नांवाचें द्रव्य निर्माण करतें. त्यानें हाडें वाढतात, आणि तें पुरेसें झालें कीं तेंच उलट स्रावास लगाम घालतें. बर्नच्या ग्रंथींतील गांठ हा लगाम जुमानीत नव्हती. हाडांच्या टोकांवरील कूर्चा मिटण्यापूर्वीं असें झालें तर मनुष्य महाकाय होतो. मागाहून झालें तर हात, पाय व जबडा रुंदावतात. या विकारास पिएर मारी यांनीं १८८६ सालीं ॲक्रोमेगली हें नांव दिलें. स्राव उणा पडला तर मूल खुजें राहतें.

२०११ सालीं बर्नच्या दातांतील डीएनएमध्यें एआयपी नामक जनुकाचा दोष सांपडला. तोच दोष उत्तर आयर्लंडमधील कांहीं विद्यमान कुटुंबांतही निघाला. त्यामुळें तेथील मुलांची वेळींच तपासणी करतां येते.

२०२३ सालीं हंटर यांच्या नांवाचें लंडनमधील संग्रहालय पुन्हा उघडलें, तेव्हां सांगाडा प्रदर्शनांतून काढला होता. पण संशोधनार्थ तो ठेवून घेतला. ज्याच्या अस्थींनीं इतरांच्या लेंकरांचें कल्याण केलें, त्याची एवढी एक इच्छा अद्याप अपुरी आहे. विद्येनें घेतलेलें ऋण विद्येनेंच फेडावें, हें उचित नव्हे काय?