बिनटोकाची करवत

दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा पाट आपण पुसतो, त्याभोवती रांगोळी घालतो. सुताराचा रंधा त्यावर दिसतो, रंगाऱ्याचा रंग दिसतो. परंतु त्याआधी ओंडक्याची फळी कोणी केली, हे त्या पाटावर कुठेच लिहिलेले नसते. राजेरजवाड्यांच्या तलवारींचे पोवाडे झाले. करवतीचा पोवाडा कोणी रचला नाही. म्हणून आज सणाच्या निमित्ताने चार शब्द तिच्याविषयी.

आमची घोटी तांदळाची. धो धो पाऊस, भाताची खाचरे, भाताच्या गिरण्या आणि मुंबई-आग्रा रस्ता, एवढ्यात गावाचे वर्णन संपते. १८६५ साली थळघाट चढून आगगाडी शेजारच्या इगतपुरीला पोचली आणि या मुलखाला यंत्राची ओळख झाली. परंतु लाकूड मात्र पुढेही कित्येक वर्षे माणसांच्या दंडांनीच चिरले गेले. ओंडका उंचावर टेकवायचा, एक गडी वर, एक खाली, आणि मध्ये लांबलचक करवत. वरच्याची नजर रेघेवर. खालच्याच्या डोळ्यांत भुसा! संध्याकाळी दोघांचीही पाठ सारखीच दुखायची.

या करवतीत एक जुनी खोड होती. एका खेपेला ती कापी आणि दुसऱ्या खेपेला नुसतीच परत येई. म्हणजे अर्धी हालचाल फुकट. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजाने १८०८ साली यावर तोड काढून पेटंट घेतले. दोन चाके घ्यावीत, त्यांवर दात्यांचा पोलादी पट्टा वाटोळा चढवावा आणि चाके फिरवावीत. पट्टा सदा एकाच दिशेने धावेल, परतीची खेपच उरणार नाही. कल्पना नामी होती. पण पट्ट्याची दोन टोके जोडायची कशी? चाकावरून सारखा वाकणारा सांधा टिकेना. असे यंत्र एका सांध्यावाचून अडून बसले. पुढे १८४६ साली आन पोलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी सांधा जोडण्याची रीत काढून पेटंट मागितले. पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचा हक्क विकत घेतला, त्याला उत्तम पोलादाची व पाणी देण्याच्या सुधारलेल्या कसबाची जोड दिली, आणि बँडसॉ खऱ्या अर्थाने चालू लागला.

यंत्र आले म्हणजे कसब गेले, असे आपण सहज म्हणतो. वखारीत नव्याने शिकू लागलेल्या पोराला विचारा! पट्टा चढवण्याआधी वीज तोडायची, हा पहिला पाठ. मग पट्ट्याला दोन्ही बाजूंनी व मागून आधार देणारे ठोकळे आणि चाके दूर सारायची. दाते आपल्याकडे आणि टोके खाली, असा पट्टा चढवायचा. वरचे चाक उचलून ताण द्यायचा. ताण कमी पडला तर पट्टा लाकडात नागमोडी जातो. फाजील झाला तर सांध्याच्या जिवावर बेततो. नंतर चाक हाताने फिरवत, वरच्या चाकाचा कल रतीरतीने बदलत, पट्टा आपल्या जागी धावेपर्यंत धीर धरायचा. त्यानंतरच आधार जवळ आणायचे. बाजूला कागदाएवढी फट ठेवायची. मागच्या चाकाने पट्ट्याला रिकामा धावताना शिवू नये. लाकूड पुढे लोटले की मात्र टेका द्यावा. शेवटी गुण्या लावून मेज काटकोनात आहे ना, ते पाहायचे.

हा क्रम उगाच नाही. आधार आधी आवळले, तर वाकडा धावणारा पट्टा दडपून सरळ दिसतो. आतल्या आत तापतो, झिजतो आणि अवेळी तुटतो. एका बाजूचे दाते बोथटले, तर पट्टा दुसऱ्या बाजूला ओढ घेतो. अशा वेळी उतावळा माणूस लाकूड जोराने रेटतो. जाणता माणूस यंत्र थांबवून कानस हाती घेतो. बोटे शाबूत राहतात ती दुसऱ्याची.

याचा हिशेब जंगलापर्यंत पोचतो. गोल करवतीचा काप जाड, पट्ट्याचा बारीक. एका कापाला तीन मिलिमीटर वाचले असे धरा. दहा कापांत तीस मिलिमीटर, म्हणजे इंचाहून जाड अशी एक फळी भुशात जायची वाचली. परंतु वेगाने कापणाऱ्या यंत्राची भूकही मोठी. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलांविषयी आदेश दिला, त्यात केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून वनांत चाललेल्या लाकूड कापण्याच्या गिरण्याही थांबवायला सांगितल्या. पट्ट्याला ताण किती द्यावा हे कारागिराला कळते. जंगलाला किती ताण सोसेल, हे ठरवायला न्यायालयाला बोलावे लागले.

वरचा आणि खालचा, दोन्ही गडी आता करवतीवरून उतरले. खालच्याचे डोळे भुशातून सुटले, याचा आनंदच मानायला हवा. वरच्याची रेघेवरची नजर मात्र सुटता कामा नये. ती आता पट्ट्याच्या धावेवर, सांध्यावर आणि आपल्याच बोटांवर ठेवायची आहे. ती नजर विकत मिळत नाही. जुन्या मिस्त्रीने नव्या पोराला शेजारी उभे करून ती द्यावी लागते.