सदाशिव पेठेतील करंडक आणि सादरीकरणाची पारख

महाविद्यालयीन अमेरिकी फुटबॉलवरील, 2024 मध्ये दीर्घ खंडानंतर परतलेल्या व्हिडिओ गेमची पारख करताना मैदान, वाद्यवृंद आणि घोषणा किती हुबेहूब आहेत, हे प्रामुख्याने पाहिले जाते. पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात रंगणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने मात्र वास्तवाची वेगळी कसोटी रुजवली. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेत नेपथ्य, म्हणजे रंगमंचावरील दृश्यरचना, आणि प्रकाशयोजना यांच्या झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन व अभिनय यांना महत्त्व दिले जाते. त्यामुळे साधनांची कमतरता कोणत्याही संघाच्या आड येत नाही आणि प्रसंगाचा खरेपणा नटाच्या देहबोलीतून व उच्चारातूनच सिद्ध करावा लागतो. प्रेक्षागृहात घुमणारी ‘आवाज कुणाचा’ ही आरोळी महाविद्यालयाभिमानाचे प्रतीक ठरली असली, तरी तिच्यामुळे परीक्षकांचा निकष कधी सैल होऊ नये, ही अपेक्षा कायम राहिली. 2022 मध्ये अपेक्षित दर्जा न आढळल्याने परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. कठोर मूल्यमापन हाही कलेचा सन्मानच असतो, हे त्या निर्णयाने अधोरेखित केले.