जवसाचं तेल, रविवर्मा आणि तपकिरी बाटली

थंडी पडली की आपल्या बडोद्यात जवसाचा विषय निघतो. इथल्या दुकानात मागायचं तर ‘अळशी’ म्हणावं लागतं. हल्ली काही घरांत तेल काढायचं छोटं यंत्र आलंय. घरच्या घरी तेल काढून म्हाताऱ्या माणसांना रोज चमचाभर देतात. देणं चांगलंच. पण ते पांढऱ्या काचेच्या बाटलीत, खिडकीत मांडलेलं दिसतं, म्हणून हे लिहितोय.

1888 मध्ये सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मांना 14 पौराणिक चित्रांचं काम दिलं. ती तैलरंगातली. तैलरंगात रंगाची पूड बहुतकरून जवसाच्या तेलात खलतात. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याचा घट्ट पापुद्रा होतो. कॅनव्हासवर हा गुण, पण खायच्या तेलात हाच दोष. हवा लागली की तेल खवट होऊ लागतं, उजेड आणि ऊब त्याला घाई करतात. तिळाचं तेल त्यामानाने पुष्कळ टिकतं.

उजेडावरचा उपायही बडोद्यात होताच. 1890 मध्ये कलाभवन निघालं. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. त्यांनी अमीन आणि कोटीभास्कर यांच्यासोबत 1907 मध्ये अलेंबिक उभी केली. पुढे अलेंबिकचा काच कारखानाही इथेच झाला. औषधाची बाटली तपकिरी असते ती शोभेसाठी नाही. प्रकाशातला जो भाग औषध बिघडवतो, तो ती काच अडवते. आमच्या घरी अशी रिकामी बाटली भंगारात जात नसे. आई ती उकळत्या पाण्यानं धुवून, उन्हात खडखडीत वाळवून तेलाला ठेवायची.

तेव्हा एवढं करा. तेल थोडंच काढा. एका मोठ्या बाटलीऐवजी लहान तपकिरी बाटल्या गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा राहत नाही. एक संपली की दुसरी उघडा. तांब्या-लोखंडाच्या भांड्यात ठेवू नका, धातूमुळे तेल लवकर बिघडतं. फ्रिजमध्ये ठेवा. बाटलीवर तारीख घाला. रंगासारखा वास आला किंवा चव कडवट लागली तर कुणाला पाजू नका. दाराच्या चौकटीला पुसा, लाकूड छान राहतं. मात्र तो तेलकट फडका चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा.

तुमच्या घरी तेल कशात ठेवत असत? जरूर लिहा.