पाळकसेवा, वऱ्हाडातील ख्रिस्ती

पाळकसेवा, वऱ्हाडातील ख्रिस्ती : ख्रिस्ती मंडळीच्या आध्यात्मिक सांभाळाचे कार्य. ‘पाळक’ ही संज्ञा मेंढपाळाच्या बायबलमधील प्रतिमेवरून मराठीत रूढ झाली. ‘मंडळी’ म्हणजे प्रार्थनामंदिराची वास्तू नव्हे, तर एकत्र उपासना करणारा श्रद्धावंतांचा समुदाय होय. उपदेश करणे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी चालविणे, आजारी व शोकग्रस्त यांच्या घरी जाणे आणि तंटे मिटविणे ही पाळकाची परंपरागत कर्तव्ये होत. तथापि पौलाच्या नावाने असलेल्या इफिसकरांस पत्रात या पदाचा हेतू याहून व्यापक सांगितला आहे. मंडळीतील सर्वसामान्य माणसांना सेवेसाठी सिद्ध करणे, हा तो हेतू होय. पाळक सर्व कामे स्वतःच करू लागला, तर त्याचे पद निष्फळ ठरते, असा त्याचा अर्थ निघतो. वऱ्हाडातील मंडळ्यांच्या इतिहासात हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे आलेला दिसतो.

निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिल्यानंतर आणि १८६७ पर्यंत भुसावळ–नागपूर लोहमार्ग पुरा झाल्यानंतर कापसाच्या या प्रदेशात मिशनरींचा वावर वाढला. अमेरिकन मिशनरी ॲल्बर्ट नॉर्टन यांनी १८७० नंतरच्या दशकात एलिचपूर (अचलपूर) येथे कार्य आरंभिले. मेळघाटातील कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनचे जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण रचले. ते १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याच्या दुःखात सहभागी व्हावयाचे त्याची बोली प्रथम शिकावी, ही पाळकसेवेची पहिली अट येथे पाळली गेली. मराठी जाणणाऱ्या प्रचारकालाही मेळघाटात ही अट टळत नसे. अकोल्यास मार्कस फुलर व त्यांची पत्नी जेनी फुलर यांनी कार्य केले. हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीवरील जेनी फुलर यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. फुलर यांचे कार्य पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेत विलीन झाले. यवतमाळकडील भागात फ्री मेथडिस्ट आणि बुलढाणा व वाशीम भागांत नाझरीन मंडळ्या वाढल्या.

१८९६-९७ व विशेषतः १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांनी या मंडळ्यांचे स्वरूपच पालटले. अकोला व खामगाव येथे अनाथालये निघाली आणि त्यांत वाढलेली मुलेमुली हा पुढील काळातील मंडळीचा एक मोठा घटक ठरला. या मुलांना गाव उरले नव्हते, भाऊबंद उरले नव्हते. त्यामुळे एरवी सोयऱ्याधायऱ्यांकडे असणारी कामे पाळकाकडे आली. मुलीसाठी स्थळ पाहणे, लग्नात वडीलकीच्या नात्याने उभे राहणे, बाळंतपणाची चौकशी करणे, मुलाला सुतारकी किंवा शिक्षकी मिळवून देणे आणि शेवटी माती देणे, एवढा हा व्याप होता. यातून जिव्हाळा निर्माण झाला, तसेच परावलंबनही. मिशनच्या आवारात राहणाऱ्या माणसाचे घर, रोजगार व उपासना ही तिन्ही एकाच हाती असत आणि पाळकाचे वेतनही तेथूनच येई. अशा पाळकाने आपल्या मंडळीची बाजू मिशनरीपुढे कितपत मांडावी, हा अवघड प्रश्न होता. अहमदनगरच्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यामागेही याच बंधनाची जाणीव होती. सामान्य खेड्यातील पाळकाला तो मार्ग मोकळा नव्हता. त्याच्या मंडळीतील शेतमजूर रविवारी दानपात्रात मूठभर ज्वारी टाकू शके. त्यावर पाळकाचे कुटुंब चालणे कठीण होते.

या कार्यातील स्त्रियांचा वाटा बहुधा कमी नोंदला जातो. ‘बायबल स्त्रिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेविका घरोघर जाऊन वाचन शिकवीत. आजारी बाईच्या उशाशी बसण्याचे जे काम पुरुष पाळकास रूढीमुळे करता येत नसे, ते त्याच करीत. दीक्षित पदांत मात्र त्यांना दीर्घकाळ स्थान नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना तेथील शासनाने १९५४ मध्ये भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरींच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा, रुग्णालये व अनाथालये ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा तिचा प्रमुख आक्षेप होता. ख्रिस्ती समाजाने तो एकांगी म्हणून नाकारला. वादातील राजकीय भाग बाजूला ठेवला, तरी आक्षेपातील एक प्रश्न पाळकसेवेच्या मर्माला भिडतो : रुग्णाची शुश्रूषा हे साध्य आहे की साधन ? ख्रिस्ती विचारात साक्ष देणे व सेवा करणे ही परस्परांपासून वेगळी मानलेली नाहीत; परंतु मदतीच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे त्या विचारालाही मान्य नाही. समितीने मुख्यतः परदेशी मिशनरी व परदेशी पैसा यांकडे पाहिले. अल्प वेतनावर चार-पाच खेडी सांभाळणारा देशी पाळक त्या चर्चेत फारसा दिसत नाही.

पुढे परदेशी मिशनरींची संख्या घटत गेली व कारभार देशी हातांत आला. रोमन कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला आणि जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप होते. १९७७ मध्ये त्यातूनच औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र आले. मात्र अलायन्स, फ्री मेथडिस्ट व नाझरीन मंडळ्या त्या ऐक्याबाहेर राहिल्या. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन लहान मंडळ्यांना दोन स्वतंत्र पाळक पोसावे लागण्याची स्थिती टळली नाही.

पाळकांच्या प्रशिक्षणासाठी यवतमाळ येथे चाललेल्या विद्यालयाचे १९५३ मध्ये अनेक पंथांच्या सहकार्याने युनियन बिब्लिकल सेमिनरीत रूपांतर झाले. तेथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी येत, आणि रविवारी आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांत उपदेश करणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असे. ही संस्था १९८३ मध्ये पुण्यास हलविण्यात आली.