धारवाडची पट्टी, नागपूरची पट्टी आणि रिठदचं मूल



पेट किंवा नेटचा अभ्यास करताना 'उपयोजित मानसशास्त्र' हे प्रकरण आपण सगळेच पाठ करतो. बालविकास, शिक्षण, व्यवसाय अशी तीन क्षेत्रं, प्रत्येकाखाली चार मुद्दे, आणि शेवटी चाचण्यांची यादी. यादीत 'बिने-कामत चाचणी' असते, 'मालिन यांची बुद्धिमापन श्रेणी' असते. आपण नावं लिहितो, वर्ष लिहितो, गुण मिळवतो आणि पुढे जातो.

पण या चाचण्या कुठल्या मुलांवर तयार झाल्या, कुठल्या भाषेत झाल्या आणि आज कुठल्या मुलांसमोर ठेवल्या जातात, हे फारसं कोणी विचारत नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. उदाहरणासाठी मी वाशिम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं रिठद घेतलंय. कारण साधं आहे. पट्टी नेहमी शहरात तयार होते, पण मोजणी रिठदसारख्या गावातल्या मुलाचीही होते.

सुरुवात पॅरिसमध्ये

१९०४ मध्ये फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. शाळा सक्तीची झाली होती, सगळ्या थरांतली मुलं वर्गात आली होती आणि काहींना शिकणं जड जात होतं. अशी मुलं शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता नीट ओळखायची कशी, हा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची श्रेणी तयार केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले. पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमतं ते पाचच्या खाली, सहाच्यांना जमतं ते सहाच्या खाली. यातून 'मानसिक वय' ही कल्पना आली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बिनेचा हेतू मदत कोणाला हवी ते शोधण्याचा होता. हा आकडा म्हणजे मुलाची कायमची लायकी, असं त्याचं म्हणणं नव्हतं. पुढे विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मनने त्या भागाकाराला १०० ने गुणून 'बुद्ध्यंक' रूढ केला. आकडा सुटसुटीत झाला आणि तिथूनच तो मुलाला कायमचा चिकटायला लागला.

धारवाडचे कामत

आपल्याकडे ही चाचणी लवकर आली. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमधल्या सी. हर्बर्ट राईस यांनी १९२० च्या दशकात तिचं हिंदुस्थानी रूप तयार केलं. मराठीपुरतं बघायचं तर नाव एकच, डॉ. व्ही. व्ही. कामत. धारवाडला त्यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या हजाराहून थोड्या अधिक मुलांवर काम केलं. त्यावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये 'भारतीय मुलांच्या बुद्धीचे मापन' या विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्डने छापलं.

कामतांनी नेमकं काय केलं, हे समजून घ्या. परीक्षेत याला 'अनुकूलन' म्हणतात आणि बरेच जण त्याचा अर्थ 'भाषांतर' असा धरतात. भाषांतरात शब्द बदलतात. अनुकूलनात त्यापुढे जावं लागतं. परदेशातल्या सात वर्षांच्या मुलाला जे सहज येतं, ते इथल्या मुलाला कोणत्या वयात येतं, हे प्रत्यक्ष मुलांना विचारून पाहावं लागतं. काही प्रश्न वरच्या वयात जातात, काही खाली येतात, काही टाकून द्यावे लागतात. नाण्यांचं उदाहरण घ्या. परक्या देशातल्या नाण्यांचा प्रश्न इथे चालणार नाही हे उघड आहे. पण आणे-पैशांचा प्रश्नही कायम टिकत नाही. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब पुढच्या पिढीला परका झाला.

बिने-कामत चाचणी ३ वर्षांपासून २२ वर्षांपर्यंतच्या पातळ्यांची आहे. दहापर्यंत दर वर्षाला एक पातळी, पुढे १२, १४, १६, १९ आणि २२. प्रत्येक पातळीवर मुख्य प्रश्न सहा. म्हणून लहान वयात एका प्रश्नाला दोन महिन्यांचं श्रेय मिळतं. दवाखान्यात, विशेष शाळेत, प्रमाणपत्राच्या कामात ही चाचणी अनेक दशकं वापरली गेली.

नागपूरचे मालिन

दुसरी पट्टी आपल्या विदर्भातली. नागपूरला बालमार्गदर्शनाचं काम करणाऱ्या डॉ. आर्थर मालिन यांनी डेव्हिड वेक्सलरच्या १९४९ च्या बालश्रेणीचं भारतीय रूप केलं. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं, ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. शाब्दिक भाग वेगळा आणि कृतीचा भाग वेगळा, ही तिची सोय. ज्या मुलाची भाषा अडते, त्याचे हात काय करतात ते त्यात दिसतं. व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीचं भारतीय रूपही मालिन यांचंच. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून वस्तू आणतं का, हे ती आई-वडिलांना विचारते.

कामत आणि मालिन दोघांचं काम मोठं आहे, यात वाद नाही. त्यांच्या आधी मराठी मुलाला मोजायला परकी पट्टीच होती. प्रश्न त्यांच्यानंतरच्यांचा आहे. आपण ती पट्टी कुठे आणि कशी वापरतो?

आता रिठदकडे या

कामत धारवाडला मुलं तपासत होते तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. वाशिम होतं मध्य प्रांत व वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात. दोन्ही भाग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि म्हैसूर राज्यात विभागले गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि वाशिम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. सांगायचा मुद्दा हा की धारवाडच्या नमुन्यात वऱ्हाडातलं मूल नव्हतं.

भाषेचं बघा. चाचणी घेणारा प्रमाण मराठीत विचारतो, 'या दोन वस्तूंमध्ये साम्य काय?' मूल गप्प बसतं. तोच प्रश्न त्याच्या बोलीत, 'हे दोन्ही कशात सारखे आहेत?' असा आला की ते पटकन सांगतं. पहिल्या वेळी तुम्ही मुलाची विचारशक्ती मोजलीच नाही, 'साम्य' हा शब्द त्याला ठाऊक आहे का एवढंच मोजलं. 'का' ऐवजी 'काहून' म्हणणाऱ्या घरातलं मूल मंद नसतं. त्याच्याशी बोलणाऱ्याला ती बोली यायला हवी.

आणि वऱ्हाडी तरी मराठीच आहे. वाशिम जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे, पोहरादेवी याच जिल्ह्यात येते. तांड्यावरच्या मुलाच्या घरात गोरमाटी बोलली जाते. मराठी त्याला अंगणवाडीत किंवा पहिलीत भेटते. अशा सहा वर्षांच्या मुलाला शाब्दिक भागात कमी गुण पडले, तर तो बुद्धीचा निकाल समजायचा की भाषेच्या वर्षभराच्या ओळखीचा?

यापेक्षा साधी आणि जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे जन्मतारीख. गावाकडच्या शाळेच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात किती मुलांची जन्मतारीख १ जून आहे, ते एकदा बघा. पहिलीत नाव घालायचं तर वय बसायला हवं, म्हणून गुरुजींनी बसवलेली ती तारीख. आता हिशेब करा. एका मुलाचं मानसिक वय ५ वर्षं १० महिने आलं, म्हणजे ७० महिने. त्याचं खरं वय ८ वर्षं, म्हणजे ९६ महिने. भागाकार करून १०० ने गुणा, बुद्ध्यंक ७३ येतो. पण दाखल्यावर ते मूल ८ महिन्यांनी मोठं असेल, तर वय १०४ महिने आणि बुद्ध्यंक ६७.

७० ही रूढ सीमारेषा. एका बाजूला 'सीमारेषेवरचं मूल', दुसऱ्या बाजूला 'बौद्धिक अक्षमता'. मुलाने एकही उत्तर वेगळं दिलेलं नाही. नावनोंदणीच्या दिवशी लिहिलेल्या तारखेने त्याला रेषेच्या पलीकडे ढकललं. उलटही होतं. ज्याला खरोखर प्रमाणपत्र आणि सवलत हवी, त्याचा आकडा चुकीने वर गेला तर आई-वडील जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे मारत राहतात. म्हणूनच नियम असा आहे की केवळ बुद्ध्यंकावर निदान करायचं नाही. रोजच्या जगण्यातली क्षमताही तपासायची. मालिन यांच्या दुसऱ्या श्रेणीचं महत्त्व इथे आहे.

मोजण्याआधी बघणं

याच काळात महाराष्ट्रात एक दुसरी वाटही तयार होत होती. ताराबाई मोडक काही वर्षं अमरावतीला राहिल्या, पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, अनुताई वाघ तिथे आल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं बालवाडीत येत नव्हती. मुलांना बोल लावायच्या ऐवजी या दोघींनी बालवाडीच अंगणात नेली. साहित्य शिंपल्यांचं, बियांचं, पानांचं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

संशोधक म्हणून यात आपल्यासाठी काय आहे? ताराबाई आणि अनुताईंनी आधी मूल पाहिलं आणि मग पद्धत ठरवली. मूल येत नाही, याचा अर्थ त्यांनी 'मुलाला गोडी नाही' असा काढला नाही. चाचणीत उत्तर आलं नाही, तर 'मुलाला येत नाही' हा निष्कर्षही आपण तितकाच सावकाश काढायला हवा.

दहावीपर्यंत आणि कामापर्यंत

हा प्रश्न लहान वयात संपत नाही. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घ्यायला सुरुवात केली. कल म्हणजे आवड, क्षमता नव्हे. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात आणि गावात हमखास विसरला जातो. शिवाय आवड ही पाहिलेल्या गोष्टींची असते. ज्या मुलीने सोयाबीन, तूर, शाळा, दवाखाना आणि पोलीसभरतीचा सराव एवढंच पाहिलंय, तिचा कल त्यातच दिसणार. आरेखनकार किंवा भाषावैज्ञानिक काय करतो हे तिने पाहिलेलंच नसेल, तर कमी गुण आवडीला पडले की ओळखीला? नोकरीच्या निवडीत वापरल्या जाणाऱ्या अभियोग्यता आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो.

तुमच्या आराखड्यासाठी

संशोधन आराखड्यात 'साधने' या शीर्षकाखाली प्रमाणित चाचणीचं नाव लिहिण्याआधी पाच गोष्टी तपासा.

१. मानके कोणत्या वर्षी, कोणत्या भागातल्या, किती मुलांवर बसवली? माहितीपुस्तिका स्वतः उघडून बघा, दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवू नका. जुन्या मानकांवर आजची मुलं जास्त गुण मिळवतात, हे जेम्स फ्लिन यांच्या अभ्यासापासून माहीत आहे.

२. नमुन्यातल्या मुलांची घरची भाषा कोणती? 'मराठी माध्यम' हे त्याचं उत्तर नव्हे.

३. वयाचा पुरावा काय? १ जून दिसली की जन्मनोंदणी, लसीकरणाचं कार्ड किंवा अंगणवाडीचं रजिस्टर पडताळा.

४. चाचणीआधी पाच-सहा मुलांसोबत प्रश्न बोलून बघितले का? त्यांना शब्द अडतोय की विचार, हे तिथेच कळतं.

५. आलेला आकडा तुम्ही कोणाला देणार आणि त्याचं पुढे काय होणार? हे आधी ठरलेलं नसेल तर तो आकडा शाळेत तोंडी फिरतो आणि मुलाचं टोपणनाव होतो.

मौखिक परीक्षेत 'हीच चाचणी का निवडली?' असं विचारलं तर 'ती प्रमाणित आहे' एवढ्या उत्तराने भागत नाही. कोणासाठी प्रमाणित, हा पुढचा प्रश्न येणारच. धारवाडच्या, नागपूरच्या मुलांसाठी कामत आणि मालिन यांनी त्याचं उत्तर मुलांसमोर बसून शोधलं. रिठदच्या मुलांसाठी ते काम अजून करायचं आहे, आणि पीएचडीला विषय शोधत असाल तर हा घ्या.