जबाबदारी कोणाची?

मालकाने कामगाराकामगारांत भेद करू नये, हे तत्त्व आज कोणीही मान्य करील. वाद उभा राहतो तो जबाबदारीचा. त्याचा इतिहास पाहू जाता आम्हांस मुंबईच्या गिरण्यांत शिरावे लागते.

तेथे अस्पृश्य कामगारास रिंग खात्यात जागा मिळे, पण विणाईच्या साचेखात्यात मज्जाव होता. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेल्या धोट्यास आपण तोंड कसे लावावे, असे स्पृश्य साचेवाले म्हणत. आणि पगार तर विणाईतच अधिक! विटाळ धोट्याचा, पण बुडे ती भाकरी.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार पाच महिन्यांहून अधिक काळ झुंजले. सर्व खाती अस्पृश्यांस खुली करण्याची मागणी घाला, नाही तर आमच्या लोकांस संपापासून दूर राहावयास सांगू, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांस बजावले. मागणी घातली गेली, पण नाखुशीने. फॉसेट समितीपुढे मालकांचे म्हणणे पडले की, हा अन्याय असलाच तर त्याची जबाबदारी आमची नव्हे.

आम्ही विचारतो, धोटा कोणाचा होता? कामावर घेणारा जॉबर कोणी नेमला होता? अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने सूत ओढावयाचा धोटा १९११ सालीच कायद्याने बंद केला होता. तेथे कारण आरोग्याचे होते. पण हत्यार बदलता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. बदलण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्यास कामगारांच्या समजुतीआड लपता येत नाही. तशीच ती नाखुशी कामगार चळवळीसही भूषणावह नव्हती.

पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्या आचरणास शिक्षा सांगणारा कायदा झाला. तरी त्यातील धंदा-व्यवसायाच्या कलमात 'नोकरी' स्पष्टपणे यावयास १९७६ ची दुरुस्ती लागली. नोकरीतील भेदभावाविरुद्धचा १९५८ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९६० मध्ये स्वीकारला होता.

हे सारे दूर मुंबईचे, असे नवेगावकरांनी समजू नये. आपल्या भागात तेंदूपान आहे आणि विडीही आहे. घरी विडी वळणाऱ्या बाईचा हिशेब विचारला की बोट ठेकेदाराकडे जाई. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांसही कामगार मानले, आणि ठेकेदार मध्ये आहे म्हणून मूळ मालकास सुटू दिले नाही. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला.

बोट कधी जातीकडे, कधी ठेकेदाराकडे वळते. ज्याच्या हाती काम देणे आणि नाकारणे आहे, जाब त्यासच विचारावयाचा. मात्र तो विचारणाऱ्या संघटनेने आपल्या बैठकीत कोण मागे बसविले जाते, हे आधी पाहावे.